देवकाबाईंनी शिवलेला रिमोट

देवकाबाई पहिल्यांदा माझ्या घरी आल्या तेव्हा पाणी पिऊन थेट स्वयंपाकघरात शिरल्या. अजून सोयरीक जमली नव्हती. त्या मुलीची आई, मी मुलाची आई. मुलीकडच्यांनी बैठकीत मान खाली घालून बसावं अशी रीत, आणि या बाई माझ्या ओट्याशी उभ्या राहून एकेक डबा उघडत होत्या. चहा उकळत होता, साखर सापडत नव्हती. माझी साखर दूधपावडरच्या जुन्या डब्यात असते, मुंग्या लागत नाहीत म्हणून. तो डबा त्यांनी सगळ्यात शेवटी उघडला आणि म्हणाल्या, "ईनबाई, ज्या घरात पाहुण्याले साखर इचारा लागते, त्या घरात माह्या पोरीले सगळंच इचारा लागन."

मी म्हटलं, डबे माझे आहेत. त्या म्हणाल्या, चहा तर सगळ्यांचा आहे. लग्न तरीही झालं, कारण मिलिंद आणि प्रज्ञाने आपसात आधीच ठरवून टाकलं होतं. आम्हाला फक्त पोहे खायला बसवलं होतं.

देवकाबाई अकोल्याच्या. उंच, हाडापेराने मजबूत, पायात कायम पुरुषी चपला. एका दवाखान्यात आया म्हणून नोकरी करून रिटायर झालेल्या. एक्स-रे कुठे, रक्त कुठे द्यायचं, हे विचारत हिंडणारी खेड्यांवरची माणसं त्यांनी जन्मभर पाहिली. भिंतीवर पाट्या होत्या, तरी माणसं विचारायचीच. त्या म्हणायच्या, "पाटी लावा लागली म्हणजे समजून घ्या, वस्तू चुकीच्या जागी ठेवली हाय." आणखी एक म्हणायच्या, "माणूस रोगानं कमी मरते, इचारून इचारून जास्ती मरते." मला हे बोलणं तेव्हा अतिशहाणपणाचं वाटायचं. माझं शिक्षण चौथीपर्यंत, त्यांचंही फार पुढे नव्हतं. पण मी ते चारचौघांत वापरत नव्हते.

मिलिंदचे बाबा गेल्यावर अमरावतीच्या घराचा वरचा मजला मी पाहुण्यांना द्यायला लागले. मोबाइलवरून ठरवतात, एकदोन रात्री राहतात, जातात. कोणी लग्नाला आलेलं असतं, कोणी परीक्षेला, कोणी मेळघाटात जाता जाता. मला ते आवडायचं. घरात पावलं वाजायची, आणि त्या पावलांना जेवायला घालावं लागत नव्हतं.

अडचण एकच, टीव्ही. मिलिंदने पुण्याहून मोठा टीव्ही पाठवला. त्याच्या खाली आवाजाचा लांबट डबा, बाजूला चॅनलचा डबा, आणि टीव्हीच्या पाठीत खुपसलेली, इंटरनेटवरचे सिनेमे दाखवणारी एक कांडी. प्रत्येकाचा रिमोट वेगळा. चित्र आलं की आवाज नसायचा, आवाज आला की निळा पडदा. पाहुणे जिन्यातून "काकू" म्हणून हाक मारायचे. मी गुडघे धरत वर जायची आणि तिथून मिलिंदला फोन लावायची. तो मिटिंगमध्ये असायचा. शेवटी त्याने टीव्ही कसा लावायचा ते इंग्रजीत छापून, प्लास्टिकमध्ये घालून भिंतीवर डकवलं. पाहुणे कागदाखाली उभे राहून हाक मारायला लागले. एकाने रात्रभर भुताचे सिनेमे पाहिले. ते मिलिंदच्या नावावर चढले आणि पुण्यात माझ्या नातवाने टीव्ही लावला की भुतंच दिसायला लागली. मोबाइलवर पाहुणे लिहून जायचे, खोली स्वच्छ, बाई कडक, टीव्ही समजला नाही. तारे कमी व्हायचे. पाहुणेही कमी झाले.

मग मिलिंद म्हणाला, आई, हे बंद कर, घर विकू, तू पुण्याला चल. त्याचं चूक नव्हतं. पण पुण्याच्या घरी तेव्हा शेगडी काचेची होती. तिला बटण नव्हतं, बोट फिरवावं लागायचं, आणि माझ्या बोटाला ती ऐकत नव्हती. तिथे असताना सकाळचा चहा मी सून उठेपर्यंत प्यायची नाही. उरलेलं आयुष्य चहासाठी कोणी उठायची वाट बघत काढायचं नव्हतं मला.

माझं मन वळवायला मिलिंद आणि प्रज्ञाने देवकाबाईंना पाठवलं. मी दार उघडलं तेव्हा तोंड वाकडंच केलं होतं. त्या म्हणाल्या, आधी मी वर पाहुणी म्हणून राहते, मग बोलू. पिशवी घेऊन वर गेल्या. थोड्या वेळाने जिन्यातून हाक आली, "काकू!" मला चिडवायलाच काकू म्हणाल्या.

मी कागद दाखवला. त्यांनी तो वाचला नाही, भिंतीवरून उपटला. मी म्हटलं, मिलिंदने मेहनतीने केलाय. "जवाईबापूची मेहनत दिसून राहिली," त्या म्हणाल्या, "टीव्ही दिसून नाई राहिला." मग टीव्हीवरचा मी विणलेला क्रोशाचा रुमाल काढला. त्याची झालर पुढे लोंबत होती, रिमोटचा डोळा झाकत होती. मी त्याची घडी घातली. रुमाल चांगला होता, आजही आहे.

दुसऱ्या दिवशी गल्लीच्या तोंडाशी दुकान असलेले टीव्हीवाले भाई आले. ते देवकाबाईंना कोणत्या वस्तूत काय काय सोय आहे ते समजावून सांगायला लागले. बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "भाई, एक बटन दाबलं का चित्र बी आलं पाहिजे, आवाज बी. बाकीची सोय तुमच्या घरी न्या." भाई हसले, पण कामाला लागले. आवाजाचा डबा टीव्हीच्या तारेला असा जोडला की टीव्हीबरोबर तो आपोआप चालू व्हावा. चॅनल सरळ टीव्हीतूनच यायला लागले. कांडी काढली, मिलिंदचं नाव पुसलं, भुतं गेली. जास्तीचे रिमोट मी खाली आणून ठेवले. कशात, तर साखर वेगळ्या डब्यात ओतून त्या दूधपावडरच्या डब्यात. ते करताना देवकाबाईंनी पाहिलं. काही बोलल्या नाहीत, त्याचाच मला जास्त राग आला.

एक रिमोट उरला, पण त्याच्यावर बटणंच बटणं. त्यांनी माझ्याकडून जाड काळ्या कापडाचा तुकडा मागितला आणि दुपारभर पायरीवर बसून रिमोटला खोळ शिवली. चालू करायचं, आवाजाचं आणि चॅनलचं, एवढ्याच बटणांपुरती भोकं ठेवली. भोकांच्या कडा काजासारख्या पक्क्या केल्या. बाकी सगळी बटणं कापडाखाली. मी म्हटलं, एखाद्याला ती लागली तर? "ज्याले लागतीन त्याले खोळ काढता येते," त्या म्हणाल्या, "ज्याले नाई लागत, त्याले काहून भेव दाखवा लागते?"

मग दूधवालीला वर नेऊन बसवलं. तिने बटण दाबलं, काहीच झालं नाही. खालच्या बोर्डाचं बटण बंद होतं, पाहुणे जाताना मीच बंद करायची. देवकाबाईंनी पिशवीतून दवाखान्याची चिकटपट्टी काढली आणि ते बटण चालूच ठेवून वर आडवी लावली. दूधवालीने पुन्हा दाबलं. टीव्ही असा काही बोलला की तिने पदर सावरला.

मिलिंद पुढच्याच आठवड्यात आला. घराला गिऱ्हाईक पाहिलंय म्हणाला. मी भाकरी थापत होते, थापतच राहिले. देवकाबाईंनी त्याला वाढलं आणि विचारलं, घर काहून विकून राहिले? सासूला तो मामीच म्हणायचा. म्हणाला, मामी, आईला झेपत नाही, प्रत्येक पाहुणा टीव्हीसाठी हाक मारतो. तेव्हा वर बार्शीटाकळीकडचं एक कुटुंब उतरलं होतं. म्हाताऱ्या आजोबांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, सोबत मुलगा आणि सून. त्यांची नात कबड्डी खेळते, त्या संध्याकाळी तिचा सामना टीव्हीवर दाखवणार होते. ती पहिल्यांदाच टीव्हीवर दिसणार होती.

"जवाईबापू," देवकाबाई म्हणाल्या, "आज वरून टीव्हीसाठी हाक आली, तं ईनबाईचं बोचकं मी सोता बांधीन. नाई आली, तं घराचं नाव पुन्हा काढा नाई."

मिलिंद हसून हो म्हणाला. मला विचारायचं कोणालाच सुचलं नाही. घर माझं, पैज यांची. मी देवकाबाईंकडे असं पाहिलं की दुसरी बाई असती तर अकोल्याची गाडी धरली असती. त्यांनी भाजीत तिखट कमी आहे म्हणून सांगितलं.

सामन्याची वेळ झाली. मिलिंदने वेळ बघायला मोबाइल ताटाजवळ उताणा ठेवला. वर पावलं वाजली, मग थांबली. हाक आली नाही. मग जिन्यावर चपला वाजल्या आणि त्या घरची सून दारात येऊन उभी राहिली. माझ्या हातातलं पीठ हातातच राहिलं. मिलिंद उठलाच. टीव्ही लागत नाही ना, म्हणाला.

"लागला ना भाऊ," ती म्हणाली, "पोरगी दिसून राहिली. बाबा म्हणते, खालच्याइले बी बोलवा."

आम्ही वर गेलो. एका डोळ्याला पट्टी बांधलेले आजोबा पलंगाच्या मधोमध बसले होते, हातात खोळ घातलेला रिमोट. त्याच्याकडे ते पाहतही नव्हते. अंगठ्याने भोक चाचपायचं आणि दाबायचं, आवाज वाढायचा. नात चढाईला गेली की वाढवायचे, परत आली की कमी करायचे. मिलिंद दारातच उभा होता. आजोबा त्याला म्हणाले, "उभे काहून? बसा, आपलंच घर हाय." माझा मुलगा खाली जमिनीवर बसला. शेवटची चढाई समोरच्या संघाची होती, नातीने त्या पोरीचा पाय असा धरला की सामना तिथेच संपला. खोलीत जो गोंधळ झाला, त्यात सगळ्यात मोठा आवाज माझा होता, असं लोक सांगतात. सांगू देत.

घराचं नाव पुन्हा निघालं नाही. जाताना मिलिंद म्हणाला, मामी, पुण्याच्या रिमोटलाही अशी खोळ शिवून द्या. "आधी ते शेगडी बदला," देवकाबाई म्हणाल्या, "माह्या ईनबाईले चहा लागते." शेगडी बदलली. आता मी पुण्याला जाते, राहते आणि परत येते. मोबाइलवर पाहुणे लिहितात, टीव्ही पहिल्याच बटणाला लागतो, बाई कडक. खोल्या भरलेल्या असतात.

देवकाबाई मागच्या हिवाळ्यात गेल्या. दुपारी आडव्या झाल्या त्या उठल्या नाहीत. कोणाला हाक मारली नाही. गेलेल्या माणसासाठी करतात त्या पुण्यानुमोदनाला मी अकोल्याला गेले. बुद्धवंदना झाली, चार माणसं त्यांच्याबद्दल बोलली, प्रज्ञा आणि तिच्या भावजया रडून थकल्या होत्या. आलेल्या माणसांना चहा हवा होता. त्यांच्या स्वयंपाकघरात मी त्या दिवशी पहिल्यांदाच गेले. इतकी वर्षं त्याच माझ्याकडे यायच्या. मी शेगडी पेटवली, पाणी ठेवलं आणि फळीकडे हात नेला. हात गेला तिथेच साखर होती.

मी कोणाला काही विचारलं नाही. चहा सगळ्यांना पुरला.