एकट्या पडलेल्या सर्व्हरने काय करावं

गडचिरोलीत चामोर्शी रोडला सोमारी पुंगाटी राहते, आणि ती नेमकं काय काम करते हे तिच्या घरमालकिणीला अजून कळलेलं नाही. कॉम्प्युटरचं काहीतरी, एवढंच. त्यामुळे गल्लीतले लोक तिच्याकडे हँग झालेले मोबाईल आणून देतात, कुणी आधार कार्डाला फोन नंबर जोडून मागतं, आणि सोमारीच्या तोंडून नाही म्हणून निघत नाही. एकदा तर मिक्सर आला होता. तोही तिने दुरुस्त करून दिला, आता बोला.

तिचं खरं काम असं. चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांत सिकलसेलचे पेशंट पुष्कळ. त्यांना रक्त लागतं, आणि पिशवी कोणत्या गावी आहे हे ज्याला हवी त्यालाच ठाऊक नसतं. 'रक्तमैत्री' नावाची संस्था ही गाठ घालून देते. पेशंटच्या घरून रक्तगट आणि गाव टाकून एक मेसेज करायचा. संस्थेची यंत्रणा दोन्ही जिल्ह्यांतल्या रक्तपेढ्यांत शोधते आणि उलट मेसेज येतो की अमुक ठिकाणी पिशवी तुमच्या नावाने राखून ठेवली आहे. ही यंत्रणा एका मशीनच्या जिवावर चालत नाही. एक सर्व्हर गडचिरोलीच्या ऑफिसात, एक चंद्रपुरात. दोघांवर तोच प्रोग्रॅम, दोघांकडे तीच माहिती, आणि दोघे केबलवरून सतत एकमेकांना 'मी आहे, मी आहे' असं कळवत राहतात. लोकांचे मेसेज मात्र दोघांकडेही मोबाईलच्या सिमवरून येतात-जातात. रक्तदान शिबिराला गर्दी झाली की काम वाटून घेतात. प्रोग्रॅम बदलायचा असला की सोमारी आधी एकाला बाजूला काढते, त्याचं सगळं नीटनेटकं करून परत कामाला लावते, मग दुसऱ्याचा नंबर. बाहेर कुणाला पत्ताही लागत नाही. अशा मिळून राबणाऱ्या सर्व्हरांना क्लस्टर म्हणतात. हा सगळा संसार सोमारीने एकटीने मांडला होता, आणि यूपीएसमध्ये शिरून मेलेली पालही तिनेच काढली होती.

सोमारीचं गाव भामरागडच्याही पलीकडे. ती लहान होती तेव्हा पावसाळ्यात नदी फुगली की गाव जगापासून तुटायचं ते पाणी उतरेपर्यंत. अशा वेळी कुणाची वाट बघत बसायची सोय नव्हती. तांदूळ संपो, बाळंतीण अडो, कुणाला साप चावो, सगळं आपलं आपण निभवायचं. हे तिच्या हाडात मुरलेलं. पुढे आश्रमशाळा झाली, पॉलिटेक्निक झालं, नागपूरच्या कंपनीत नोकरी झाली, पण हाडातलं कुठे जातं? सर्व्हरांना शिकवताना तिने तेच शिकवलं: दुसऱ्याचा आवाज आला नाही तर तो मेला असं समज आणि सगळा कारभार हातात घे. काही झालं तरी बंद पडायचं नाही. तिला याचा फार अभिमान होता. शहरात वाढलेल्या माणसाला हा नियम इतक्या सहज सुचला नसता, आणि सगळा घोळ नेमका तिथेच होता.

भादव्यात व्याहाडजवळ रस्ता खोदणाऱ्या एका जेसीबीने केबल तोडली. गडचिरोलीच्या सर्व्हरला चंद्रपूरचा आवाज येईना, चंद्रपूरच्याला गडचिरोलीचा. दोघांनीही शिकवल्याप्रमाणे दुसऱ्याला मेलेलं धरलं आणि दोघेही जोमाने कामाला लागले. चंद्रपूरच्या रक्तपेढीत तेव्हा ओ निगेटिव्हची एकच पिशवी होती. ती चंद्रपूरच्या सर्व्हरने एका पेशंटला राखून दिली. थोड्या वेळाने तीच पिशवी गडचिरोलीच्या सर्व्हरने आपल्याकडच्या जुन्या माहितीवरून दुसऱ्याला दिली.

तो दुसरा म्हणजे सावलीकडच्या एका खेड्यातले मुखरू निकोडे. त्यांची मुलगी रीता अकरावीत शिकते. सिकलसेलचं दुखणं तिला अधूनमधून असं घेरतं की पाय टेकवत नाहीत. मुखरूभाऊंनी मेसेज बघितला, पोरीला एसटीत आडवं केलं आणि चंद्रपूर गाठलं. तिथे खिडकीवरचा माणूस म्हणाला, ही पिशवी तर केव्हाच गेली. दुसऱ्या दिवशी एक रक्तदाता मिळाला म्हणून निभावलं. पण ती एक रात्र रीताने दुखण्याने कण्हत काढली आणि बाप तिच्या उशाशी हात चोळत बसून होता.

आठवड्याने मुखरूभाऊ गडचिरोलीच्या ऑफिसात आले. सोमारीने शिव्या खायची तयारी ठेवली होती. खाल्ल्या असत्या तर बरं झालं असतं. ते खुर्चीवर बसलेसुद्धा नाहीत.

"मॅडम, तुमच्या मशीननं नाई म्हटलं असतं ना, तं म्या दुसरीकडं पाह्यलं असतं," ते म्हणाले. "तिनं हो काऊन म्हटलं?"

तुमच्या यादीतून आपला नंबर काढून टाका एवढं सांगून ते गेले. तेव्हापासून रीताला त्रास सुरू झाला की ते आधी काही न विचारता तिला घेऊन सरळ एसटीत बसायचे आणि एकेका रक्तपेढीच्या दारात जाऊन उभे राहायचे. एका फोनवर मिटणाऱ्या कामासाठी आजारी पोर अशी गावोगाव हिंडत होती, आणि हे आपल्यामुळे, हे सोमारीला रोज खात होतं. संस्थेचे प्रमुख श्रावणभाऊ समजुतीने म्हणाले की केबल काही तू तोडली नाहीस. पण केबल उद्याही तुटणार होती. इकडे रस्ते रुंद व्हायचे काही थांबणार नव्हते.

त्याच सुमाराला तिची आई बुधरी डोळे दाखवायला गडचिरोलीला आली. येताना वाळवलेली मासोळी घेऊन आली, आणि चुलीशिवाय ती भाजायची कशी यावर मायलेकींची बरीच चर्चा झाली. भाजता भाजता बुधरी गावाकडचं सांगत होती. आपल्या गावाचे दोन टोले, म्हणजे पाडे, मध्ये ओढा, आणि दोघांची मिळून एक बोडी, म्हणजे लहान तळं. या वर्षी ओढ्याला पाणी टिकून राहिलं, इकडच्यांना ओलांडून जाता येईना, म्हणून मासे काढायचा दिवस लांबला, आणि पलीकडच्या टोल्यातल्या पोरांनी बोडीत जाळं टाकायचा घाट घातला होता, असं ती रागाने सांगत होती. गायत्याने, म्हणजे गावच्या पुजाऱ्याने, त्यांना हाकलून लावलं. घरातलं धान्य खा म्हणाला, जंगलातलं आणा, पण बोडी सगळ्यांची आहे. दोन्हीकडची माणसं काठाला उभी राहिल्याशिवाय तिच्यात हात घालायचा नाही.

सोमारीच्या हातातला चिमटा तसाच राहिला. हा रिवाज तिला काय माहीत नव्हता? लहानपणी तिनेही त्या काठावर उभं राहून वाट बघितली होती. तुटल्या गावाने आपलं आपण बघायचं, हा अर्धाच नियम तिने सर्व्हरांना शिकवला होता. जे सगळ्यांचं आहे त्याला हात लावायचा नाही, हा उरलेला अर्धा ती नागपूरच्या वाटेवर कुठेतरी विसरून आली होती. मासोळी करपली आणि बुधरीने डोळ्यांची औषधं बाजूला ठेवून तिला दोन शब्द सुनावले.

मग सोमारीने संसार नव्याने मांडला. वडशाला, जिथे इंटरनेटची केबल वेगळ्या वाटेने येते, तिथे रक्तदात्यांच्या मंडळाच्या खोलीत तिने एक तिसरं लहान मशीन ठेवलं. त्याने पिशव्या वाटायच्या नाहीत, फक्त कुणाचा आवाज येतो ते ऐकायचं. आता तिघांपैकी दोघांचं बोलणं चालू असलं तरच पिशवी राखता येणार. जो एकटा पडला त्याने रक्तदात्यांचे फोन नंबर खुशाल द्यावेत, पण पिशवीचा शब्द द्यायचा नाही. त्याने सरळ कळवायचं: 'मला आत्ता माहीत नाही. पिशवी राखलेली नाही. या नंबरवर फोन करा.' आणि तो नंबर सोमारीचा.

श्रावणभाऊंना हा मेसेज काही पचेना. माहीत नाही, असं संस्थेने स्वतःच्या तोंडाने सांगायचं म्हणजे लोक म्हणतील यांचं दुकान बसलं. त्यापेक्षा 'थोड्या वेळाने प्रयत्न करा' असं काहीतरी गुळमुळीत लिहावं, असं त्यांचं म्हणणं. एरवी मिक्सरलाही नाही न म्हणणारी सोमारी इथे मात्र अडून बसली. शेवटी ऑफिसात सगळ्यांसमोर तिने गडचिरोलीची केबल स्वतःच्या हाताने ओढून काढली. चंद्रपूर आणि वडसा निवांत बोलत राहिले, पिशव्या राखल्या गेल्या. गडचिरोली मात्र 'मला आत्ता माहीत नाही' म्हणून शहाण्यासारखी गप्प बसली. सोमारीला इतका आनंद झाला की तिने सर्व्हरच्या त्या डब्यावरची धूळ ओढणीने पुसली.

त्या रविवारी ती मुखरूभाऊंच्या गावी गेली. धान कापणीचे दिवस होते. त्यांनी बांधावर बसवून तिचं सगळं ऐकून घेतलं, आणि घरी नेऊन चहा पाजला. निघताना रीतानेच फोन पुढे केला आणि नंबर परत टाकायला सांगितलं. बाप दुसरीकडे बघत राहिला, पण त्याने अडवलंही नाही.

पौषात पुन्हा केबल तुटली. भर दुपारी गडचिरोलीचा सर्व्हर एकटा पडला, आणि काही वेळातच त्याच्यावर मेसेज आला: ओ निगेटिव्ह, मुखरू निकोडे. इतक्या दिवसांनी तो माणूस विचारायला आला, आणि आला तो नेमका आंधळ्या झालेल्या सर्व्हरच्या दारात. समोर पडद्यावर सकाळची माहिती होती, आणि त्यात चंद्रपूरला एक पिशवी स्पष्ट दिसत होती. एक बटण दाबून तिला हाताने 'हो' पाठवता आलं असतं. पिशवी बहुतेक तिथेच असेल, असं मनाने दहादा सांगितलं. 'माहीत नाही' वाचून हा माणूस आता कायमचा तुटणार, याची तिला खात्री होती, आणि तरीही तिने बटणावरचा हात मागे घेतला. सर्व्हरने आपला मेसेज धाडून दिला.

तिचा फोन वाजला. मुखरूभाऊच होते. तिने एका फोनवर त्यांना धरून ठेवलं आणि दुसऱ्यावरून चंद्रपूरच्या ऑफिसला विचारलं. तिथल्या सर्व्हरचं वडशाशी बोलणं चालू होतं, म्हणजे त्याचं सांगणं खरं. चंद्रपूरची पिशवी एका बाळंतिणीला गेली होती. ब्रह्मपुरीला मात्र एक होती. ती रीताच्या नावाने राखली गेली, आणि सोमारीने सांगितलं की चंद्रपूरला जाऊ नका, ब्रह्मपुरीची गाडी पकडा. पलीकडून नुसतं 'बरं' आलं आणि फोन बंद झाला.

संध्याकाळी रीताचा मेसेज आला की रक्त चढून राह्यलं, बरं वाटते. मुखरूभाऊंचा काही शब्द नाही. सोमारीने मनाशी समजूत घातली की पोरीला रक्त मिळालं, यापुढे आपण अपेक्षा करू नये. पण अपेक्षा होती ती होतीच.

पंधरवड्याने मुखरूभाऊ ऑफिसात आले ते दोन बायांना घेऊन. दोघी त्यांच्याच गावच्या, दोघींच्या घरी सिकलसेलची लेकरं. बायका दारातच घुटमळत होत्या. त्यातली एक म्हणाली की हेच ना ते मशीन, तुमाले फसवलं ते.

"तेच आहे," मुखरूभाऊ म्हणाले. या वेळी ते खुर्ची ओढून आरामात बसले. "पयले हो म्हणून फसवलं त्यानं. आता ज्या दिवशी त्याले माहीत नसते ना, त्या दिवशी ते मले माहीत नाई म्हणून सांगते. एवढं तं आपल्या गावातला माणूसबी सांगत नाई." मग ते सोमारीकडे वळले. "यायचेबी नंबर टाकून दे, बेटा."

सोमारीने दोघींना बसायला स्टुलं दिली. मग तिने पहिलीला लेकराचं नाव विचारलं आणि ते टाईप करू लागली. दोनदा चुकलं, कारण डोळ्यांत पाणी आल्यामुळे तिला अक्षरं नीट दिसत नव्हती.