पाणी लागलं नव्हतं

"दोनों किडनी गई हैं, काका," आदिलाबादच्या दवाखान्यातल्या डॉक्टरबाई म्हणाल्या. माझा मुलगा सुनील तेव्हा छत्तीस वर्षांचा होता. आखातातून परतून त्याला चारच दिवस झाले होते.

क्रिएटिनिन फार वाढलं होतं. क्रिएटिनिन म्हणजे रक्तातला कचरा. मूत्रपिंडं तो गाळून लघवीवाटे बाहेर टाकतात. ती थकली की कचरा रक्तातच साचतो. सोनोग्राफीत दोन्ही मूत्रपिंडं आक्रसलेली दिसली. म्हणजे दुखणं आजचं नव्हतं.

"पेनकिलर खाता था क्या?" बाईंनी विचारलं.

सुनीलनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "नहीं मॅडम. उधर का पानी लगा उसको."

हेच मी आमच्या गावात, तलमडुगूत, सगळ्यांना सांगत राहिलो. सुनीलनं मला एकदाही खोटं पाडलं नाही. आता सत्तरी उलटली आहे, म्हणून खरं लिहितो.

मी सरकारी दवाखान्यात कंपाऊंडर होतो. गावात मला डॉक्टरच म्हणत, आणि मी ते कधी खोडून काढलं नाही. सुनील तिकडे इमारतींच्या परांचीवर काम करायचा. पहिल्याच उन्हाळ्यात त्याचा फोन आला. पोट बिघडलंय, कंबर दुखते, लघवी कोऱ्या चहासारखी होते. परमुलखात काहीही झालं की आपल्याकडे एकच निदान असतं. मी म्हणालो, "पाणी लागलं तुले. समुद्राचं पाणी हाय ते. जरा कमीच पेत जाय." वर कंबरदुखीच्या गोळ्यांची पाकिटं, तिकडे जाणाऱ्या प्रत्येकाच्या पिशवीतून, लोणच्यासोबत पाठवली. तीन वर्षं.

त्याला कमी पिणं सोयीचंच पडलं. संडास खाली, लांब. उतरून गेलं की मुकादम ओरडायचा. पाणी कमी प्यायलं की उतरावं लागत नसे.

डायलिसिस सुरू झालं. मशीन अंगातलं रक्त बाहेर काढून धुतं आणि परत सोडतं. आठवड्यातून तीनदा, चार-चार तास. बसनं जायचं, बाकावर बसून राहायचं, बसनंच यायचं. परतताना तो बोलत नाही, इतका थकतो. मीही बोलत नसे, पण माझं कारण वेगळं होतं.

मग एक दिवस शेजारचा रमेश आला. "काका, पुढच्या हप्त्यात मी बी चाललो तिकडं. सुनीलभाऊले देत होते त्या गोळ्या द्या ना. तुमच्या हाताले गुण हाय."

सुनील बाजेवरून म्हणाला, "द्या ना, बाबा. दवाखान्यात माझ्या बाजूचा पलंग रिकामाच हाय."

रमेश हसला. आम्ही दोघं हसलो नाही.

"गोळ्या नाई देत," मी म्हणालो. "माझ्याच गोळ्यांनी अन् माझ्याच बोलण्यानं याचे गुर्दे गेले. पाणी-बिणी काई लागलं नव्हतं."

"काऊन असं बोलून राह्यले, काका?"

"खरं हाय म्हणून."

पुढच्या खेपेला डॉक्टरबाईंनाही सांगितलं. त्यांनी ते फाइलीत लिहून घेतलं. "अकेली गोली से नहीं, धूप, कम पानी, सब मिलके हुआ होगा. पर पहले बोलना था." त्यातल्या पहिल्या वाक्याचा आधार मी घेत नाही.

तिकडे जाणाऱ्यांनो, तहान लागायची वाट पाहू नका. लघवी गडद झाली की सावलीत जा, पाणी प्या. तरी निवळली नाही तर तिथल्याच डॉक्टरला दाखवा. अंगदुखीची गोळी कोणाच्या पिशवीतून मागवू नका, बापानं दिली तरी.

रमेश आता तिकडून, कामावरच्या जेवणाच्या सुट्टीत फोन करतो. मी लाज न बाळगता रंग विचारतो. परवा म्हणाला, "गडद हाय, काका. जराशीच."

सुनीलनं फोन माझ्या हातातून ओढला. "जराशी म्हणजे? मुकादमाले बोंबलू दे. आधी पाणी पे. मी फोन धरून हाय."

जादा पाणी अंगाबाहेर पडत नाही, म्हणून डायलिसिसवाल्याला पाणी मोजूनच मिळतं. सुनीलचं त्या दिवसाचं सकाळीच संपलं होतं. तरी रमेशची बाटली रिकामी होईपर्यंत तो फोन कानाला लावून बसून राहिला.