दात्याचे नमुने किती मागवायचे?

नाव न देता लिहिते आहे, समजून घ्या. आज जगतपुऱ्यातल्या क्लिनिकमध्ये आययूआयसाठी, म्हणजे वीर्य थेट गर्भाशयात सोडण्याच्या उपचारासाठी, दात्याच्या वीर्याचे नमुने मागवायचे होते. काउन्सेलर म्हणाल्या, "मॅडमजी, कितने रखवा दूँ? बाद में यही डोनर शायद न मिले."

मी इंजिनिअर आहे. पहिल्याच प्रयत्नात गर्भ राहील असं धरून चालता येत नाही, म्हणून म्हणाले, "तीन."

नवरा फौजेत आहे. तो म्हणाला, "एक बास. आधीच अपशकुन कशाला?"

"स्टेपनीशिवाय तुमची गाडी युनिटच्या गेटबाहेर पडते का?"

तो उठून बाहेर गेला. दोष त्याच्या रिपोर्टमध्ये आहे आणि मी त्याला स्टेपनीचं उदाहरण दिलं, हे मला तेव्हा कळलं. मी मागणीच्या फॉर्मवर सही न करता बसून राहिले.

बऱ्याच वेळाने तो परत आला. माझ्याकडे न बघता काउन्सेलरना म्हणाला, "चार लिखिए. एक दूसरे बच्चे के लिए. दोनों का डोनर एक ही रहे."

मी फक्त फसलेल्या प्रयत्नांचा विचार करून गेले होते.

तुमच्यापैकी कुणी दुसऱ्या बाळासाठी नमुना राखून ठेवला होता का? आणि त्या दिवशी घरी येऊन एकमेकांशी काय बोललात? आम्ही अजून काहीच बोललेलो नाही.