पौंडातलं लेकरू

लेकराला झोळीत घालून काट्याला टांगलं, की आमच्या दवाखान्यातल्या सिस्टर आकड्याकडे एकदाच बघत. मग छताकडे तोंड करून ओठ हलवत. तोवर बाळंतिणीची आई श्वास रोखून उभी.

"पाच पौंड, मावशी! पुरे पाच!"

काटा किलोचा होता. पौंड सिस्टरांच्या तोंडातून येत. डॉक्टर चिडायचे, "अहो, पौंड बंद होऊन जमाना झाला."

"मग सव्वादोन किलो म्हनू का, साहेब? बाजारातून कांदे बी तेवढेच येत्यात. आजीचं तोंड उतरलं की बाळंतिनीचं दूध आटतं."

मी तिथंच औषधं द्यायचो. हसायचो.

माझी मुलगी आठव्या महिन्यात झाली. एक किलो सहाशे. सिस्टरांनी माझ्या आईला सांगितलं, "साडेतीन पौंड." परभणीच्या डॉक्टरांनी कापसात ठेवा, ऊब द्या, एवढंच सांगून घरी पाठवलं.

विद्यापीठाच्या नामांतरावरून तेव्हा गावं धुमसत होती. सिस्टर बौद्धवाड्यात राहत. बाहेर पडू नका, असं त्यांचीच माणसं त्यांना विनवत होती. तरी त्या रोज सकाळी काटा पिशवीत घालून आमच्याकडे येत. आई त्यांना ओसरीपर्यंतच येऊ देई. लेकरू बाहेर आणायचं, वजन झालं की आत न्यायचं. मी शेजारी उभा असे. तुम्ही विचाराल, आईला काही बोललात का? नाही बोललो.

"आज एक औंस वाढलं!" माजघरात ऐकू जाईल अशा बेतानं सिस्टर ओरडत.

आतून बायको विचारी, "खरंच का ओ?"

"खोटं कशाला बोलू? तुजं दूध लागायलंय तिला."

त्या दिवशी बायको अर्धी भाकरी जास्त खाई. असं करत पावणेचार पौंडांपर्यंत आलो; काट्यावरचा आकडा मी कधी वाकून बघितला नाही. आई बारशाचं बोलू लागली.

मग एका सकाळी सिस्टरांनी आकडा बघितला आणि मान वर केलीच नाही.

"किती ओ, सिस्टर?" आतून आवाज आला.

मी पुटपुटलो, "पौंडात सांगा."

"एक किलो चारशे हाय, भाऊ," त्या माझ्यापुरतं बोलल्या. "आता मला पौंड सांगवना."

पोरगी त्यानंतर फार दिवस राहिली नाही.

पुढं सिस्टरांची बदली झाली. कुठं, ते मी विचारलंही नाही. त्यांची आठवण निघाली की मला पोरगी गेली त्या दिवशीचं माजघर दिसतं. सिस्टर कुणाला न विचारता ओसरी ओलांडून आत आल्या. दारातली आई बाजूला सरली. त्या बायकोला टेकून बसल्या. बऱ्याच वेळानं आईनं घरातल्या कपबशीतून चहा आणला आणि त्यांच्यापुढं धरला. "घ्या, बाई."

सिस्टरांनी तो बशीत ओतला, फुंकर घातली आणि बशी माझ्या बायकोच्या ओठांना लावली.

"पी, माय. दोन घोट पी."