पाच वाक्यांचा द्वारपाल

दानियल गेल्याचं पत्र मला मुंबईत चौथ्या दिवशी मिळालं. जन्मभर पोस्टात नोकरी केलेल्या माणसाच्या मरणाची बातमी चार दिवस उशिरा यावी, यावर तोच आधी हसला असता. दफन केव्हाच उरकलं होतं. घाई करून जायला कारण उरलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर त्याचं मला बरंच वाटलं... दहा वर्षं मी पनवेलला त्याच्या घराची पायरी चढलो नव्हतो.

आमच्या पनवेलच्या नाटक मंडळीत मी लिहिलेलं एक संगीत नाटक पुष्कळ चाललं. त्यात दानियल द्वारपाल व्हायचा. बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यू समाजातला हा उंच, सडसडीत कारकून दाढी चिकटवून, भाला घेऊन उभा राहिला की दरबार खरा वाटायचा. त्याच्या वाट्याला पाच वाक्यं, गाणं एकही नाही. पण दुसऱ्या अंकातलं राजपुत्राचं पद वन्समोअर धरून वीस-पंचवीस मिनिटं चालायचं, आणि तेवढा वेळ दानियल नुसता उभा राहून ऐकायचा. बाकीचे नट मिशा सावरायचे, विंगेत बघायचे, एक प्रधानजी तर उभ्या उभ्या पेंगायचे. दानियल ऐकायचा, आणि त्याच्याकडे बघून लोकांनाही ऐकावंसं वाटायचं. माझ्या पदाला मिळालेल्या टाळ्यांतल्या निम्म्या त्याच्या होत्या, हे तेव्हा मी कबूल केलं नसतं.

दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांतली गोष्ट. रविवारी दुपारचा खेळ होता. त्याची बायको, रेबेकावहिनी, तीन वर्षांच्या मुलीला घेऊन जवळच्या आपटे गावी माहेरी गेल्या होत्या. मुलीला ताप चढला म्हणून तिथून माणूस निरोप घेऊन आला. खेळ संपल्यावर दानियल गालावरचा डिंकही न पुसता आपट्याला धावला. तो पोचायच्या आधीच मुलगी गेली होती. निरोप खेळ संपल्यावर मिळाला, असं त्यानं वहिनींना सांगितलं. आम्हालाही तेच सांगितलं.

खरं काय ते त्यानं मला चार-पाच वर्षांनी सांगितलं, वडाळे तळ्याच्या काठावर. निरोप दुसऱ्या अंकाच्या आधीच आला होता. साधा ताप असेल असं त्याला वाटलं, पण अडलं होतं ते त्यामुळे नाही. भाला काय, कुणीही धरला असता. "राजपुत्राचा आवाज त्या दिवशी असा लागला होता रे... मला ते पद ऐकायचं होतं." मी त्याच्या पाठीवर हात ठेवला, आणि लेखकाच्या जातीला काय म्हणावं, त्याच वेळी ते वाक्य मनात टिपूनही ठेवलं.

पुढे त्या नाटकाचा सिनेमा करायचं ठरलं. पटकथा माझ्याकडेच आली. पंचवीस मिनिटांचं पद सिनेमात साडेतीन मिनिटांवर आलं. सगळीच गाणी अशी छाटल्यावर निम्मा सिनेमा रिकामा राहिला. दिग्दर्शक म्हणाले, किरकोळ पात्रं वाढवा, त्यांना घरदार द्या. म्हणणं बरोबर होतं. रंगभूमीवर द्वारपालाला दार पुरतं, पडद्यावर तो घरी जाताना दिसावा लागतो. मी दासीला प्रियकर दिला, विदूषकाला म्हातारी आई दिली आणि द्वारपालाला दानियलचं घर दिलं. मुलीला ताप येतो, पदाच्या आधी निरोप येतो, दुसरा शिपाई भाला धरायला पुढे होतो, आणि हा देत नाही. सगळ्या पटकथेत तेवढंच जिवंत उतरलं होतं. भूमिकाही मी हट्टानं त्यालाच मिळवून दिली, आणि हे सगळं मित्रासाठी चाललंय अशी स्वतःची समजूत घातली.

चित्रणाच्या दिवशी सकाळी दानियल त्या प्रसंगाचा कागद घेऊन आला.

"एवढं बदल. निरोप पद संपल्यावर येऊ दे."

"मग प्रसंगात उरलं काय?"

तो कागदाकडेच बघत होता. "रेबेका बघेल रे."

सिनेमातलं कोण एवढं मनावर घेतं, असं काहीतरी बोलून मी त्याला कॅमेऱ्यासमोर पाठवलं. नाही म्हणणं त्याला कधी जमलंच नव्हतं. त्यानं काम उत्तम केलं, आणि हे लिहिताना मला लाज वाटते.

सिनेमा पनवेलला तंबूत लागला तेव्हा सगळं गाव लोटलं. पोस्टातला माणूस पडद्यावर येणार होता. बायकांच्या बाजूला वहिनी बसल्या होत्या. तो प्रसंग झाला, पद संपलं, मी वळून पाहिलं तर त्यांची जागा रिकामी. दानियलनंही पाहिलं होतं. दुसऱ्या दिवशी पहिल्या एस.टी.नं मी मुंबईला पळालो. पुढे वहिनींचे भाऊ इस्रायलला गेले, बहिणीलाही बोलावत होते असं कानावर यायचं. दर वेळी वाटायचं, आता त्या जाणार, आणि दानियल एकटा पडणार तो माझ्यामुळे.

शेवटी गेल्या पंधरवड्यात पनवेलला गेलो. वहिनी कुठेच गेल्या नव्हत्या. मी चाचरत माफी मागितली. म्हटलं, माझ्या सिनेमानं तुम्हाला नको ते कळलं.

"मला त्याच दिवशी माहीत होतं, भाऊजी," त्या म्हणाल्या. "निरोप्या त्यांच्या आधी परत आला होता. म्हणाला, 'निरोप दिला, बाय. खेल सपल्याव येतो बोलले. हातातला भाला काय त्यांनी ठेवला नाय.'"

इतकी वर्षं त्यांनी नवऱ्याला हे कळू दिलं नव्हतं. तो खोटं सांगत होता, त्या ऐकून घेत होत्या, आणि त्यावर दोघांचा संसार बरा चालला होता.

"तंबूत मला रडू आवरेना म्हणून मी उठले," त्या म्हणाल्या. "तेव्हा त्यांना कळलं, की मला माहीत आहे. तेवढं व्हायला नको होतं... मग माझ्यासमोर त्यांना घास गिळवेना."

जेवल्याशिवाय त्यांनी मला सोडलं नाही. ताट वाढलं, पाण्याचा तांब्या ठेवला, आणि मी काही म्हणायच्या आत त्या मागच्या अंगणात निघून गेल्या. काहीतरी आणायला गेल्या असतील म्हणून मी थांबलो. भात निवायला लागला. मग लक्षात आलं, की दहा वर्षं दानियलचं ताट वाढून त्या अशाच बाहेर जात असणार; माझंही जेवण होईपर्यंत त्या आत येणार नाहीत, आणि मी मुकाट्यानं जेवायला लागलो.