मोडलेला बोल्ट आणि माझा एक हिसका

ये गं, इकडे सरक, अशी जवळ बस. तू तिकडे ड्युसेलडॉर्फला आणि मी इकडे हार्ट्झच्या डोंगरात, तरी बसच. आधी तुझा कान धरते. 'मावशीनं जर्मन लोकांचं यंत्र मोडलं' म्हणून फॅमिली ग्रुपवर हसणारी तोंडं टाकलीस, पण एक फोन करून विचारलं नाहीस, की मावशी, नेमकं झालं काय? मोडलं, हे खरं. पण मोडलेलं बाहेर कसं काढलं, ते कुणी सांगितलं तुला? म्हणून लिहायला बसले.

आमच्या गावात एक स्की मंडळ आहे, इथे त्याला फेराइन म्हणतात. त्यांच्याकडे बर्फावर चालणारी गाडी आहे. पुढे दोन पट्ट्या, मागे रबरी पट्टा, वर स्कूटरसारखं सीट. ती मागे एक जड पाटा ओढत जंगलातून जाते आणि बर्फात दोन सरळ चर पाडते. त्या चरांत पाय ठेवून लोक स्की करतात. आमचे जावई आठवडाभर ब्राउनश्वाइगला युनिव्हर्सिटीत आणि शनिवार-रविवार या फेराइनमध्ये. दोन हिवाळे त्यांनी नुसती फावडी मारली, केक वाटले, खुर्च्या रचल्या. या हिवाळ्यात कुठे गाडीची किल्ली हातात आली. ती किल्ली त्यांनी घरी आणून देवापुढे ठेवली होती, आता बोल!

रविवारी गावातल्या मुलांचा स्की-दिवस. आपली नातही त्यात. शनिवारी सकाळी जावयांनी गाडी आमच्या गॅरेजात आणली, क्लच काढला, पुसला, परत बसवला. हा क्लच इंजिनाच्या दांड्यावर बसतो आणि मधून एक लांब बोल्ट जातो. मी शाल गुंडाळून शेजारी स्टुलावर. मला त्या ग्रीसच्या वासानं बरं वाटतं. तुझ्या काकांचं डिझेल पंपांचं वर्कशॉप होतं ना, तिथे मी आधी डबा घेऊन जायचे, मग पाने हातात द्यायला लागले, आणि पुढे पुढे काका बाहेरगावी असले की लोक म्हणायचे, वहिनी, तुम्हीच बघा. शाळा माझी सातवीपर्यंत, बाकी सगळं तिथलंच.

जावयांच्या हातात तो शहाणा पाना होता. ठरवलेला जोर आला की कट्‌ करून वाजतो, म्हणजे आता बस.

"वाजला, आई. झालं."

"वाजेल नाही तर काय, वाजणं त्याचं काम," मी म्हटलं. "वर एक शेवटचा हिसका द्या. आमच्या पंपांना देत होतो तसा."

"पण पुस्तकात लिहिलंय की..."

"पुस्तक लिहिणारा येणार आहे का उद्या डोंगरात ढकलायला?"

सासूला उलट बोलत नाहीत, हा त्यांचा एकच दोष. दिला हिसका. दुसऱ्यांदा कट्‌ झालं, पण हा आवाज मी ओळखला. जावई पान्यात अडकलेलं बोल्टचं डोकं बघत होते, लहान मूल आपला पडलेला दात बघतं तसे. उरलेला तुकडा दांड्याच्या भोकात, आत.

"किल्ली गेली," ते म्हणाले. "मंडळाच्या अध्यक्षांना फोन करतो. दुरुस्तीवाल्याची वेळ, टर्मिन, तीन आठवड्यांनी मिळते."

त्यांनी एक शब्दही नाही काढला, की आई, तुमच्यामुळे. काढला असता तर बरं झालं असतं!

"फोन ठेवा," मी म्हटलं. "आधी आत काय आहे ते बघू."

क्लच ओढायचं हत्यार लावून त्यांनी क्लच उतरवला. बॅटरी धरून मी डोकावले. तुकडा बोटभर आत. अशा वेळी लोक घाबरून भोक पाडतात, त्यात उलट्या आट्यांचं हत्यार पिळतात, आणि ते मोडून आत बसलं की मग कायमचं रडणं. काकांनी मला एक गोष्ट शिकवली होती: डोकं तुटलं की बोल्टचा ताण गेला. आता तो भांडत नाही, नुसता बसलाय. त्याला गोंजारायचं. मी जावयांकडून बारीक छिन्नी मागून घेतली, तुकड्याच्या कडेला टेकवली आणि हातोडीनं उलट्या दिशेला टुक टुक सुरू केलं. केसभर हलला! मग अडला. मी जरा जोरात मारलं. आणखी जोरात.

गॅरेजचं दार वाजलं. बाहेर अध्यक्ष. दोन घरं सोडून राहतात, सत्तरीचे, काठीसारखे ताठ. त्यांनी मनगटावरचं घड्याळ दाखवलं. दीड वाजला होता. एक ते तीन इथे दुपारची शांतता असते, मिटाग्सरूहे, आणि मी हातोडी हाणत होते! मग त्यांची नजर माझ्यावरून उघड्या गाडीकडे गेली.

"माझ्याकडून जास्त घट्ट झाला," जावई जर्मनमध्ये म्हणाले. एवढं मला कळतं.

मी स्टुलावरून उठले. माझं जर्मन बेकरीपुरतं. छातीवर बोट ठेवून म्हटलं, "नाइन. इख." नाही, मी. आणि हवेतच तो हिसका देऊन दाखवला, खांद्यापासून.

अध्यक्षांनी वाकून भोकात पाहिलं, माझी छिन्नी पाहिली, तिची खूण पाहिली. "गेनाऊ," म्हणाले, अगदी बरोबर. आणि चालते झाले.

"कुठे गेले हो?"

"काय माहीत. तक्रारीचं पत्र लिहायला असतील," जावई म्हणाले.

आले ते एक डबा घेऊन. आतल्या प्रत्येक खणावर चिठ्ठी, सुबक अक्षरात. त्यातून त्यांनी उलट्या बाजूनं कापणारं ड्रिल काढलं. मी हात पुढे केला, तर परत घड्याळ! तीनच्या आधी मशीन चालवायचं नाही. मग काय, लेकीनं चहा आणला, मी शंकरपाळ्यांचा डबा उघडला, आणि आम्ही चौघं त्या उघड्या गाडीभोवती तास-सव्वा तास बसलो. जावई एकच शंकरपाळी हातात फिरवत बसले. अध्यक्षांनी मात्र डबा तळापर्यंत संपवला.

तीनच्या ठोक्याला ते उठले. मी बॅटरी धरली, ड्रिल जावयांच्या हातात. टोक तुकड्यात रुतलं, घर्र झालं, आणि तो मेला बोल्ट आपणहून गरगर फिरत बाहेर आला. मी ओरडलेच, "आला गं बाई!"

अध्यक्षांच्या डब्यात नवा बोल्टही होता, चिठ्ठीसकट. तो आवळताना शहाणा पाना वाजला, तसे तिघंही माझ्याकडे वळले. मी दोन्ही हात शालीत घातले. अध्यक्ष हसले, मी त्यांना पहिल्यांदाच हसताना पाहिलं. किल्ली त्यांनी फळीवरून उचलून जावयांच्या खिशात टाकली आणि काहीतरी म्हणाले.

"म्हणतायत, सासूबाईंना दर शनिवारी शेडमध्ये आणा," जावई म्हणाले. "पण हातोडी तीननंतर."

रविवारी चर रेषेसारखे सरळ पडले होते. नात तीनदा पडली, चौथ्यांदा माझ्यापर्यंत आली.

तो तुकडा मी ठेवलाय, तुला दाखवायला. बर्फ आहे तोवर ये. पुढचाच शनिवार धर, शंकरपाळ्या पुन्हा करायच्याच आहेत. आणि गाडीनं दुपारी पोचलीस तर दार हळू वाजव हो.