कॉनराड तुस्कानोने सही केलेला कागद

मस्कतच्या वादी कबीर भागातल्या गॅरेजवाल्यांत कॉनराड तुस्कानोला ओळखत नाही असा माणूस विरळा. मूळचा वसईचा, मस्कतला येऊन चौदा वर्षं झाली, ऑटो इलेक्ट्रिशियन. गाडीच्या कॉम्प्युटरमधली चिप वाचून तिच्यावर पुन्हा लिहिणारं एक यंत्र असतं, त्याला प्रोग्रॅमर म्हणतात. अस्सल यंत्र परवडत नाही म्हणून सगळे चिनी नक्कल आणतात, आणि ती काही महिन्यांत मान टाकते. मग तो डबा कॉनराडच्या टेबलावर येतो. तो आतली हलकी चिप काढून चांगली बसवतो, तापणारे भाग बदलतो, लांबलचक वायर कापून वीतभर करतो. त्याच्या हातून गेलेला डबा लिहिता लिहिता मध्येच बंद पडून गाडीचा कॉम्प्युटर मारत नाही.

आधी याचा त्याला अभिमान होता. वादीला, म्हणजे एरवी कोरड्या असणाऱ्या ओढ्याला, पूर आला की पाणी शिरलेल्या गाड्यांचे कॉम्प्युटर थेट भंगारात जायचे. असे कितीतरी त्याने वाचवले.

एक दिवस मॅनेजर प्रसाद त्याच्या टेबलाशी आला. "हा डबा डॅशबोर्डवरचे किलोमीटरपण बदलतो ना रे?"

"बदलतो. पण ते काम मी करत नाही, साहेब."

"एकच गाडी. आपल्या मालकाच्या, अर्बाबच्या ओळखीतला जुन्या गाड्यांचा व्यापारी आहे, त्याला नाही कसं म्हणू?"

एकीच्या दहा झाल्या, मग कॉनराडने मोजणं सोडलं. घरी त्याने बायकोला, रोझलिनला, सगळं सांगितलं. "सोड ती नोकरी," ती पहिल्या झटक्यात म्हणाली. मग दोघं हिशेब करत बसली. तिघांचा व्हिसा याच नोकरीवर होता आणि नॅटली दहावीला होती. "मार्चपर्यंत कळ काढू," शेवटी तीच म्हणाली.

नोव्हेंबरात शहनाज मॅडमची गाडी टो करून आली. त्या रत्नागिरीकडच्या, नॅटलीला शाळेत गणित शिकवायच्या. वादी अदाईच्या घाटात, चढावर गिअरबॉक्स अडकला होता, मागून ट्रक येत होता, आणि मागच्या सीटवर त्यांची दोन मुलं होती.

"कॉनराडभाऊ, जुनी असली तरी कमी चाललेली गाडी घेतली होती हो मी. अठ्ठ्याहत्तर हजार फक्त."

कॉनराडने गिअरबॉक्सचा कॉम्प्युटर वाचला. त्यात दोन लाख एकतीस हजार किलोमीटर होते. त्याने डॅशबोर्ड उघडला. चिपच्या पायांवर पारदर्शक नेलपॉलिशचा पातळ थर होता. सोल्डरला दमट हवा लागू नये म्हणून रोझलिनच्या बाटलीतलं नेलपॉलिश लावायची सवय अख्ख्या मस्कतमध्ये त्या एकट्याचीच होती.

आता डॅशबोर्ड पुन्हा बंद करून 'गिअरबॉक्स बदला' म्हणणं सोपं होतं. तो बाहेर आला.

"मॅडम, आकडा खोटा आहे. गाडी दोन लाखांच्या वर चालली आहे."

"कुणी केलं हे?"

"मी."

त्यांनी पर्समधलं पेन काढून त्याच्यापुढे धरलं. रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "हे लिहून द्याल?"

गाडीच्या कामाची नोंद असते त्या जॉबकार्डाच्या मागे त्याने खरा आकडा लिहिला, खोटा लिहिला, 'हा बदल मी माझ्या हाताने केला' असं लिहून खाली सही केली. मॅडमनी तो कागद दाखवताच गाडी विकणाऱ्या व्यापाऱ्याने मुकाट्याने गाडी परत घेतली, पण कागदाचा फोटो काढून ठेवला.

दोन दिवसांनी प्रसादने कॉनराडला केबिनमध्ये बोलावलं. आता आपल्याला काढणार, या विचाराने कॉनराडला उलट हलकं वाटत होतं.

"बस. चहा घेणार?" प्रसादने व्यापाऱ्याकडून आलेला तो फोटो उघडून मोबाइल पुढे सरकवला. "वाच. यात गॅरेजचं नाव कुठं दिसतंय?"

नव्हतं. जॉबकार्डाची मागची बाजू कोरी असते.

"नाव तुझं, सही तुझी. मी तुला काढत नाही, कॉनराड. पण तू सोडून निघालास, तर हा फोटो पोलिसांकडे जाईल. मग एअरपोर्टवर अडवून थेट आत टाकतात, ते तुला माहीत आहे."

"मी यापुढे किलोमीटर बदलणार नाही."

"नको बदलूस. त्याला दुसरा माणूस आणतो. तू फक्त डबे नीट करून दे."

त्या दिवसापासून तो तेवढंच करतो. दुसरा माणूस पलीकडच्या खोलीत बसतो आणि कॉनराडने दुरुस्त केलेल्या डब्यांनीच किलोमीटरचे आकडे कमी करतो. एकदा कॉनराडने मुद्दाम एका डब्यात खराब चिप ठेवली. त्या डब्याने एका टॅक्सीवाल्याच्या गाडीचा कॉम्प्युटर मारला. त्या माणसाचे चार दिवस बुडाले. कॉनराडने पुन्हा तसं केलं नाही.

शहनाज मॅडमनी त्याच्याविरुद्ध तक्रार केली नाही. नॅटलीला त्या पूर्वीसारखंच शिकवत राहिल्या, पण पालकसभेत कॉनराड दिसला की मान वळवत.

मार्चमध्ये नॅटलीची परीक्षा झाली. रोझलिनने बॅगा काढल्या तेव्हा कॉनराडने तिला फोटोचं सांगितलं. आजवर दडवलं होतं ते एवढंच.

"मग आम्ही पण इथेच राहतो," ती म्हणाली.

"नको. तुमचाही व्हिसा प्रसादच्याच हातात राहील."

जूनमध्ये मायलेकी वसईला गेल्या. नॅटलीला तिथल्या कॉलेजात प्रवेश मिळाला. बाबा कधी येणार, असं ती दर शुक्रवारी फोनवर विचारते. कॉनराड कामाचं कारण देतो. ते खोटंही नसतं, कारण त्याच्या टेबलावर कायम दोन-तीन डबे उघडे पडलेले असतात.